पाण्याची बादली कापून टाकावी का?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त) : मी व्यवसायाने व्हिडिओ-संपादक आहे आणि एका प्राणिहक्क संघटनेसाठी विनामोबदला संपादन करते. आमचा एक कार्यकर्ता खरी ओळख लपवून एका मोठ्या वराहपालन केंद्रात कामगार म्हणून लागला आणि त्याने छुप्या कॅमेऱ्यातून सुमारे चाळीस तासांचे चित्रीकरण आणले. त्यातून चार मिनिटांची फिल्म करायची आहे. एका दृश्यात उठता न येणारी डुकरीण दोन दिवस एकाच जागी पडून आहे आणि एक कामगार तिला लाथा घालून उठवायचा प्रयत्न करतो. काही वेळाने तोच कामगार बादलीतून पाणी आणून तिच्या तोंडाशी धरतो. आमच्या प्रमुखांनी पाण्याचे दृश्य काढून टाकायला, लाथांच्या दृश्यावर दुसऱ्या क्लिपमधला किंचाळण्याचा आवाज चढवायला आणि कामगाराचा चेहरा उघडा ठेवायला सांगितले आहे. काही जण त्याचा पत्ता शोधून घरासमोर निदर्शने करण्याचे बोलत आहेत. चित्रीकरण करणारा मित्र मला म्हणाला, "दोन दिवस मी तिच्या शेजारून ये-जा केली आणि कोणालाही सांगितले नाही, सांगितले असते तर पुरावा अपुरा राहिला असता." मी शंका काढली तेव्हा प्रमुख म्हणाले, "समोरचे लोक जाहिरातींवर पैसा ओतून राजरोस खोटे बोलतात, आणि आपण चार सेकंद कापले की तुझी नीती बाटते?" मी काम नाकारले तर त्या जनावरांशी प्रतारणा होईल का? आणि हे सारे बाहेर कोणाला सांगावे का?

उत्तर :

ठोस प्रश्नांची उत्तरे आधी देऊन टाकणे बरे. पाण्याचे दृश्य कापू नका, उसना आवाज चढवू नका आणि त्या कामगाराचा चेहरा झाकल्याशिवाय फिल्म तुमच्या हातून बाहेर जाऊ देऊ नका. असे केल्याने जनावरांशी प्रतारणा होत नाही. बाहेर सांगण्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे, त्याकडे शेवटी वळू. मात्र 'खोटे बोलणे वाईट' एवढे म्हणून थांबलो तर तुमच्या प्रमुखांवर अन्याय होईल. प्राणिहक्क चळवळीला जे मोठे विजय मिळाले, त्यांतल्या कित्येकांची सुरुवात कोणीतरी खोटे बोलून आत शिरण्यापासूनच झालेली आहे, आणि तुमचे हे चाळीस तासांचे चित्रीकरणही त्याच वाटेने आलेले आहे.

१९८१ साली अमेरिकेतील मेरीलँड राज्यात, सिल्व्हर स्प्रिंग येथील एका संशोधन संस्थेत ॲलेक्स पाचेको नावाचा तरुण विनावेतन मदतनीस म्हणून दाखल झाला. आदल्याच वर्षी इन्ग्रिड न्यूकर्क यांच्यासोबत आपण 'पेटा' ही संघटना स्थापन केली आहे, हे त्याने अर्थातच सांगितले नाही. तेथे एडवर्ड टॉब हे शास्त्रज्ञ माकडांच्या हातांतील संवेदना वाहून नेणाऱ्या नसा कापून, बधिर झालेला हात माकड पुन्हा वापरू लागते का, याचा अभ्यास करत होते. सतरा माकडे, घाणीने भरलेले पिंजरे आणि संवेदना गेल्यामुळे स्वतःचीच बोटे कुरतडून बसलेले प्राणी, असे दृश्य पाचेकोने कॅमेऱ्यात टिपले. त्यानंतर त्याने जे केले ते तुमच्या प्रमुखांनी लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. त्याने बाहेरच्या जाणकारांना रात्री आत आणून ती जागा प्रत्यक्ष दाखवली, त्यांची शपथेवरची निवेदने घेतली आणि मगच पोलिसांकडे तक्रार केली. टॉब यांच्यावर क्रौर्याचे शंभराहून अधिक आरोप ठेवण्यात आले. पहिल्या सुनावणीत सहा आरोप टिकले, फेरसुनावणीत एक, आणि अपिलात तोही रद्द झाला, कारण केंद्रीय अनुदानावर चालणाऱ्या प्रयोगशाळेला राज्याचा क्रूरताविरोधी कायदा लागू होत नाही असे न्यायालयाचे मत पडले. काही छायाचित्रे मुद्दाम रचून घेतली होती, हा आरोप टॉब यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. त्याच संशोधनातून त्यांनी पुढे पक्षाघाताने दुर्बळ झालेल्या हातासाठी एक उपचारपद्धती विकसित केली आणि ती आजही वापरात आहे. तेव्हा या गोष्टीत निखळ खलनायक शोधणाऱ्याची निराशा होते. पण न्यायालयात हरलेल्या या प्रकरणाने लोकमत इतके ढवळून निघाले की १९८५ साली अमेरिकेच्या प्राणिकल्याण कायद्यात दुरुस्ती होऊन प्रयोगशाळांवर देखरेख समित्या बंधनकारक झाल्या.

पाचेको खोटे बोलला, पण कोणाशी? ज्याच्या हातात दाराची किल्ली होती आणि जो आत काय चालते हे कोणालाही पाहू देत नव्हता, त्याच्याशी. त्या खोट्याचेही समर्थन करावे लागते आणि ते दर वेळी मिळेलच असे नाही. आत डोकावायचा दुसरा सरळ मार्ग उपलब्ध असताना जो वेषांतर करतो, त्याला माझ्या लेखी समर्थन नाही. तरीही बंद दाराआड असहाय जिवांचे हाल होत असतील आणि तपासणी करणारी यंत्रणा आधी वर्दी देऊन येत असेल, तर दारावर खोटे नाव सांगणाऱ्याला मी दोषी धरणार नाही. तुमची फिल्म पाहणाऱ्याने मात्र कोणतेही दार बंद केलेले नाही. तो तुमच्यावर विसंबून आहे, आणि तुम्ही दाखवाल तेवढेच त्याला दिसणार आहे. त्याच्याशी खोटे बोलायला कोणतेच कारण पुरेसे नाही, कारण आत शिरताना केलेल्या फसवणुकीचे एकमेव समर्थन 'लोकांना खरे कळावे म्हणून' हेच होते. तेच खरे संपादनाच्या टेबलावर वाकवले, तर दारावरची फसवणूकही पुन्हा नुसती फसवणूकच ठरते.

तुम्ही म्हणाल, चाळीस तासांचे चार मिनिटे करताना बाकी सगळे कापावेच लागते, मग बादलीचेच एवढे कौतुक कशाला? शंका रास्त आहे. १९८४ साली 'ॲनिमल लिबरेशन फ्रंट' या भूमिगत गटाच्या लोकांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मेंदूच्या दुखापतींवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत घुसून साठहून अधिक तासांच्या चित्रफिती पळवल्या आणि 'पेटा'ने त्यांतून जेमतेम अर्ध्या तासाची फिल्म केली. तिच्या निवेदनातील चुकांवर आणि दृश्यांच्या निवडीवर पुढे भरपूर टीका झाली. ती टीका काही अंशी योग्यही होती. तरीही ती फिल्म टिकली, कारण त्या फिती संशोधकांनी स्वतःच चित्रित केलेल्या होत्या आणि जखमी बबून माकडाकडे पाहून हसणारे आवाज त्यांचे स्वतःचे होते. कोणी ते वरून चढवलेले नव्हते. १९८५ च्या जुलैमध्ये, त्या प्रयोगांना अनुदान देणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या कार्यालयात कार्यकर्त्यांनी चार दिवस ठिय्या दिल्यावर त्या प्रयोगांचे अनुदान थांबवण्यात आले. म्हणजे संक्षेप करणे हा गुन्हा नव्हे. माझी कसोटी अशी आहे : वगळलेला भाग नंतर प्रेक्षकाच्या समोर आला, तर त्याला 'हे मला का दाखवले नाही?' असे वाटेल का? जनावरे नुसती उभी आहेत असे दहा तास कापले तर कोणालाही तसे वाटणार नाही. लाथ मारणाऱ्यानेच पाणी पाजलेले कापले तर वाटेल, आणि ते चित्रीकरण न्यायालयात मागवले गेले की विरुद्ध बाजूचा वकील नेमके तेवढेच चार सेकंद पुन्हा पुन्हा दाखवील.

पण हा केवळ पकडले जाण्याच्या भीतीचा मुद्दा नाही. त्या दृश्याचा अर्थ तुमच्या प्रमुखांना उमगलेलाच नाही, असे मला पत्र वाचताना सतत वाटत राहिले. बादलीतून पाणी पाजणारा माणूस काय सिद्ध करतो? ती डुकरीण तहानलेली आहे, हे त्याला दिसत होते. ती उठू शकत नाही, हेही त्याला कळत होते. तरीही पशुवैद्याला बोलावणे किंवा तिला वेदनेतून मुक्त करणे त्याच्या अधिकारात नव्हते. लाथ मारून तिला पुढच्या कप्प्यात हलवणे एवढेच बहुधा त्याच्या कामाच्या यादीत होते. हे चार सेकंद राहिले तर प्रेक्षकाची नजर त्या माणसावरून हलून, ज्यांनी ती यादी केली आणि एवढ्या जनावरांमागे इतकी कमी माणसे ठेवली, त्यांच्याकडे जाते. ते कापले तर पडद्यावर एक दुष्ट माणूस उरतो. कोणत्याही कंपनीला अशा वेळी नेमके हेच हवे असते, कारण दुसऱ्या दिवशी ती त्याला कामावरून काढते, 'हा एका व्यक्तीचा अपराध होता, आमचे धोरण असे नाही' असे पत्रक काढते आणि तिसऱ्या दिवशी त्याच शेडमध्ये त्याच पगारावर दुसरा माणूस उभा करते. म्हणजे पाण्याचे दृश्य कापून तुमची संघटना कंपनीच्याच प्रसिद्धी विभागाचे काम फुकटात करून देणार आहे.

हे मी हवेत बोलत नाही. २००७ च्या उत्तरार्धात अमेरिकेतील 'ह्यूमेन सोसायटी' या संघटनेचा एक कार्यकर्ता कॅलिफोर्नियातील चिनो येथील हॉलमार्क कत्तलखान्यात कामगार म्हणून लागला. उभ्या राहू न शकणाऱ्या गायींना फोर्कलिफ्टने ढकलणे, विजेचे झटके देणे, नाकातोंडात पाण्याचा फवारा सोडणे असे प्रकार त्याने टिपले. जानेवारी २००८ मध्ये ते चित्रीकरण प्रसिद्ध झाले आणि फेब्रुवारीत १४.३ कोटी पौंड, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी किलो मांस परत मागवण्यात आले. त्यातला काही भाग शाळांतील भोजन योजनेत गेलेला होता. कंपनीच्या अध्यक्षाने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे आधी शपथेवर सांगितले की आजारी जनावर अन्नसाखळीत गेलेच नाही, आणि तेथेच चित्रीकरण दाखवल्यावर त्याला ते मान्य करावे लागले. पुढल्या वर्षी उभ्या राहू न शकणाऱ्या सर्व गायीबैलांच्या कत्तलीवर अमेरिकेत बंदी आली. एखादे दृश्य वरून रंगवलेले निघाले असते तर त्या अध्यक्षाला सुटकेची वाट तेथेच सापडली असती. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या : त्या प्रकरणात लगेच फौजदारी खटल्यांना सामोरे जावे लागले ते दोन कामगारांना. कमी पगारावर, रक्ताने माखलेल्या फरशीवर उभे राहणारे हेच लोक प्रत्येक फिल्ममध्ये चेहरा होऊन येतात आणि निर्णय घेणारे मात्र एकाही दृश्यात नसतात. त्यांनी क्रौर्य केले असेल तर ते जबाबदार आहेतच. पण त्यांची ओळख पोलिसांना देणे आणि ती लाखो अनोळखी लोकांना देणे यांत महदंतर आहे. चेहरा झाका, नाव तपासयंत्रणेकडे द्या, आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचेच असेल तर केंद्राच्या मालकाचे व व्यवस्थापनाचे नाव लिहा.

तुमच्या मित्राचा प्रश्न मला या सगळ्याहून अवघड वाटतो, आणि तुम्ही तो एका वाक्यात सांगून पुढे गेला आहात, हेही मी पाहिले. दोन दिवस ती डुकरीण पडून होती आणि एका माणसाला ते कळत असूनही तो गप्प राहिला, कारण एका दिवसाचा पुरावा 'अपवाद' म्हणून झटकला जातो, पण सहा आठवड्यांचा पुरावा झटकता येत नाही. हा युक्तिवाद खरा आहे. म्हणूनच २०१२ साली जेव्हा अमेरिकेतील मिसूरी राज्याने कायदा केला की शेतीतील जनावरांचा छळ चित्रित करणाऱ्या कर्मचाऱ्याने ते चित्रीकरण चोवीस तासांत, काहीही न कापता, पोलिसांना दिलेच पाहिजे, तेव्हा संघटनांनी ओरड केली की हा जनावरांचा कळवळा नसून दीर्घ तपास हाणून पाडण्याची युक्ती आहे. त्यांचा संशय मला रास्त वाटतो. पण रास्त संशयामुळे मूळ पेच सुटत नाही. हॉलमार्क प्रकरणातही चित्रीकरण आधी स्थानिक सरकारी वकिलाकडे गेले आणि जाहीर व्हायला आणखी काही आठवडे लागले; त्या काळात ते मांस बाजारात जातच राहिले आणि कृषी खात्याने संघटनेलाच त्याचा जाब विचारला.

माझे मत असे आहे की पुढच्या हजार जनावरांसाठी समोरच्या एका जनावराला वेदनेत ठेवण्याचा हिशेब कधी कधी करावा लागतो, पण तो ज्याच्या हातात कॅमेरा आहे त्याने एकट्याने, त्या क्षणी, घामाघूम होऊन करू नये. त्याच्या मनावर तेवढा भार टाकणे हाच संघटनेचा अपराध आहे. आत माणूस पाठवण्याआधीच काही गोष्टी कागदावर ठरल्या पाहिजेत : कोणते दृश्य दिसले की चित्रीकरण थांबवून पर्यवेक्षकाला सांगायचे, कोणते दिसले की त्याच संध्याकाळी पोलिसांकडे जायचे, आणि रोजचे चित्रीकरण कोणता बाहेरचा पशुवैद्य पाहणार. शिवाय साध्या कामगाराने 'ही उठत नाहीये, डॉक्टरांना बोलवा' असे मुकादमाला सांगितल्याने कोणाचे सोंग उघडे पडत नाही. उलट सांगूनही कोणी आले नाही, हे टिपता आले असते तर त्याइतका भक्कम पुरावा दुसरा नव्हता. निष्काळजीपणा आणि जाणूनबुजून केलेले दुर्लक्ष यांतला फरक त्यातूनच सिद्ध होतो. तुमचा मित्र हे बहुधा आता रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या स्वतःलाच सांगत असेल. त्याच्याशी बोला, आणि जमल्यास एखाद्या समुपदेशकाकडे त्याला घेऊन जा. अशी कामे करणाऱ्यांना जे पाहावे लागते आणि पाहून जे गिळावे लागते, त्याची वासलात संघटना फार क्वचित लावतात.

घरासमोरच्या निदर्शनांबद्दल मी फार शब्द खर्च करणार नव्हतो, पण इतिहास इतका बोलका आहे की तो सांगायलाच हवा. ब्रिटनमधील हंटिंग्डन लाइफ सायन्सेस या प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या कंपनीत १९९७ साली छुप्या चित्रीकरणातून बीगल जातीच्या कुत्र्यांना ठोसे मारणारे कर्मचारी दिसले. दूरचित्रवाणीवर ते प्रक्षेपित झाले आणि दोघांना क्रौर्याबद्दल दोषी ठरवण्यात आले. त्या वेळी जनमत संपूर्णपणे प्राण्यांच्या बाजूने होते. १९९९ मध्ये त्याच कंपनीविरुद्ध 'शॅक' नावाची मोहीम उभी राहिली आणि तिच्या छायेत कर्मचाऱ्यांच्या, पुरवठादारांच्या, अगदी बँकवाल्यांच्या घरांपर्यंत धमक्या पोहोचल्या. २००१ साली कंपनीच्या प्रमुखाला त्याच्या घरासमोर दांडक्यांनी मारहाण झाली. २००४ मध्ये स्टॅफर्डशायरमध्ये प्रयोगांसाठी गिनी पिग पाळणाऱ्या कुटुंबातील एका मृत वृद्धेचे अवशेष कबर उकरून पळवण्यात आले आणि ते २००६ पर्यंत परत मिळाले नाहीत. ते पालनकेंद्र बंद झाले, ही गोष्ट खरी आहे, आणि ज्यांना केवळ 'उपयोग झाला का?' एवढेच विचारायचे आहे त्यांच्यासाठी उत्तर 'हो' असेच आहे. पण याच काळात प्राण्यांवरील संशोधनाला संरक्षण देणाऱ्या खास तरतुदी २००५ च्या कायद्यात आल्या, 'शॅक'च्या सूत्रधारांना अकरा वर्षांपर्यंतच्या शिक्षा झाल्या आणि ब्रिटनमध्ये नोंदवल्या जाणाऱ्या प्रयोगांची संख्या २००१ मधील सुमारे २६ लाखांवरून २०१३ पर्यंत ४१ लाखांवर गेली. (त्या वाढीचा मोठा वाटा जनुकीय बदल केलेल्या उंदरांच्या पैदाशीचा आहे, हे नमूद करायला हवे, पण दहशतीने तिला खीळ बसली नाही, हेही तितकेच खरे.) १९९७ च्या एका चित्रीकरणाने कमावलेली सहानुभूती कबरीतल्या अवशेषांपाशी येऊन संपली.

तुमच्या प्रसंगात तर लक्ष्य कंपनीचा प्रमुखही नाही, बादली आणणारा कामगार आहे. त्याच्या घरात मुले असू शकतात, त्याच्याकडे वकील बहुधा नसेल. तेथे जमाव जाणार असल्याचे ठरते आहे असे तुम्हाला खात्रीने कळले, तर लेखी विरोध नोंदवा, आणि तरीही ते पुढे रेटले गेले तर पोलिसांना कळवा. यात संघटनेशी बेइमानी होईल का, याचा विचार करत बसू नका.

आता 'समोरचे खोटे बोलतात, मग आपण का नको?' या प्रश्नाकडे येऊ. त्याचे सर्वांत महागडे उत्तर एका सर्कशीच्या खटल्यात आहे. रिंगलिंग ब्रदर्स या अमेरिकी सर्कशीतील हत्तींच्या छळाविरुद्ध अनेक मोठ्या प्राणिसंघटनांनी २००० साली दावा लावला. त्यांचा मुख्य साक्षीदार आणि सहवादी हा सर्कशीतला माजी कामगार होता. या संघटनांकडून वा त्यांच्यामार्फत त्याला वर्षानुवर्षे मिळून किमान १ लाख ९० हजार डॉलर दिले गेले होते, असे सुनावणीत उघड झाले. २००९ मध्ये न्यायाधीशांनी त्याला पैसे घेणारा वादी ठरवून त्याची साक्ष अविश्वसनीय मानली आणि हत्तींना कसे वागवले जाते, या मूळ प्रश्नाचा निकाल न लावताच दावा फेटाळला. सर्कशीच्या मालकांनी २००७ सालीच उलट खटला भरला होता. २०१२ मध्ये एका संघटनेने ९३ लाख डॉलर आणि २०१४ मध्ये इतरांनी मिळून १ कोटी ५७ लाख ५० हजार डॉलर देऊन तो मिटवला. लोकांनी हत्तींसाठी दिलेल्या देणग्या अशा रीतीने सर्कशीच्या तिजोरीत जमा झाल्या. विनोद असा की हत्ती सुटले ते या खटल्यामुळे नव्हे. शहरोशहरी अंकुशबंदीचे नियम आले, प्रेक्षकांना ते खेळ बघवेनासे झाले, आणि २०१६ मध्ये कंपनीने स्वतःहून हत्तींना निवृत्त केले.

येथे एक भेद करायला हवा, कारण तुमच्या संघटनेतले लोक तो गोंधळात टाकतील. धक्का देणे आणि खोटे बोलणे या वेगळ्या गोष्टी आहेत. 'पेटा'ने २००३ मध्ये कोंबड्या-डुकरांच्या छायाचित्रांशेजारी नाझी छळछावण्यांतील माणसांची छायाचित्रे लावली. त्यात एकही छायाचित्र बनावट नव्हते. तरीही त्या छावण्यांतून वाचलेल्यांना आपल्या मृत आप्तांचा असा वापर पाहावा लागला. २००५ मध्ये न्यूकर्क यांनी माफी मागितली, जर्मनीतील न्यायालयांनी ती फलके रोखली आणि २०१२ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ती बंदी उचलून धरली. म्हणजे खरे दाखवूनही तिसऱ्याच माणसाला इजा करता येते. तुमच्या फिल्ममध्ये हा दोष नाही. तिथले हाल अंगावर येणारे आहेत, आणि ते तसेच अंगावर येऊ द्या. प्रेक्षकाला अस्वस्थ करण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. उसना आवाज मात्र त्या अधिकारात बसत नाही. ज्या डुकरिणीत उठायचेही त्राण नाही, ती कदाचित किंचाळतही नसेल. आणि तिचे ते न किंचाळणे ज्याला समजत नाही, त्याने तिच्यावर फिल्म करू नये.

आक्रमक असूनही खोटे न बोलणारा एक माणूस या चळवळीत होऊन गेला, त्याचे उदाहरण प्रमुखांसमोर ठेवून पाहा. हेन्री स्पायरा हे न्यूयॉर्कमधील शिक्षक. त्यांनी १९७६ मध्ये तेथील निसर्ग-इतिहास संग्रहालयात मांजरांवर चाललेल्या प्रयोगांची माहिती सरकारी कागदपत्रांतून मिळवली आणि पुढच्या वर्षी ते प्रयोग बंद पाडले. त्यानंतर त्यांनी सौंदर्यप्रसाधने बनवणाऱ्या रेव्हलॉन कंपनीकडे मोर्चा वळवला, कारण सशांच्या डोळ्यांत रसायने घालून चाचणी करण्याची पद्धत त्या धंद्यात सर्रास होती. आधी त्यांनी कंपनीशी बोलणी केली, पर्याय शोधायला पैसे देण्याची मागणी केली, आणि बोलणी रखडल्यावर १५ एप्रिल १९८० रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये पानभर जाहिरात देऊन, सौंदर्यासाठी रेव्हलॉन किती सशांना आंधळे करते, असे विचारले. वर्ष संपायच्या आत कंपनीने पर्यायी चाचण्यांच्या संशोधनासाठी रॉकफेलर विद्यापीठाला साडेसात लाख डॉलर देऊ केले. ती जाहिरात बोचरी होती, काहींना क्रूरही वाटली असेल, पण तिच्यातले कोणतेही विधान रेव्हलॉनला खोटे म्हणता आले नाही. स्पायरा यांच्यावर सहकाऱ्यांनी तडजोडवादी म्हणून टीका केली, आणि 'कंपन्यांना स्वस्तात पापमुक्ती मिळते' हा त्यांचा आक्षेप मला अगदीच पोकळ वाटत नाही. पण सशांच्या बाजूने काय निष्पन्न झाले ते पाहिले तर फार थोड्या मोहिमा त्यांच्या जवळपास येतात.

आता प्रत्यक्षात काय करायचे ते. प्रमुखांना भेटायला रिकाम्या हाताने जाऊ नका. पाण्याचे दृश्य ठेवलेली, चेहरा झाकलेली आणि मूळ आवाजातली फिल्म स्वतः तयार करून घेऊन जा. नैतिकतेच्या चर्चेत ते तुम्हाला हरवू शकतील, पण पडद्यावर चालणारी फिल्म पाहताना त्यांचे मत बदलण्याची शक्यता अधिक आहे. फिल्मच्या शेवटी 'कामगाराची ओळख लपवली आहे. संपूर्ण चित्रीकरण तपासयंत्रणेकडे सुपूर्द केले आहे' असे वाक्य टाका आणि ते खरे असेल याची तजवीज करा. कच्च्या चित्रीकरणाची न हाताळलेली प्रत वेगळी ठेवा, कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंतचा भाग वापरला याची नोंद लिहून काढा. एवढी नोंद असली की उद्या कोणी संपादनावर बोट ठेवले तर तुम्हाला उत्तर देता येईल. नसली तर तुमच्याच चांगल्या कामावर संशयाची सावली राहील.

प्रमुख ऐकले नाहीत तर संघटनेच्या विश्वस्तांना किंवा कार्यकारिणीला लेखी कळवा. तेथेही दाद लागली नाही तर तुमचे नाव संपादक म्हणून काढून घ्या आणि काम सोडा. बाहेर सांगण्याबाबत माझे मत असे : चित्रीकरण समाजमाध्यमांवर स्वतः टाकू नका. त्यातून कामगार उघडा पडेल, तुमचा मित्र उघडा पडेल, आणि संघटनेशी तुम्ही गोपनीयतेचा करार केला असेल तर तुम्हीही अडचणीत याल. संघटनेने बदललेली फिल्म प्रसिद्ध केली आणि त्यावर कारवाई सुरू झाली, तर मात्र तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला किंवा न्यायालयाला मूळ चित्रीकरण अस्तित्वात असल्याचे सांगणे तुमचे कर्तव्य आहे. त्याआधी एखाद्या वकिलाचा सल्ला घ्या, शक्यतो संघटनेच्या वकिलाचा नव्हे. आणि यातले काहीही करण्यापूर्वी, आजच, तुमच्या मित्राला एक प्रश्न विचारा : त्या केंद्रात आज एखादे जनावर तसेच पडून असण्याची शक्यता आहे का? असेल, तर फिल्म तयार होण्याची वाट न पाहता हे चाळीस तास उद्या सकाळी पशुसंवर्धन खात्याकडे आणि पोलिसांकडे पोहोचले पाहिजेत, आणि तारीख व वेळ घातलेली पोच तुमच्या हातात असली पाहिजे.